संगणकांच्या जाळ्याची शिरगणती

मांडव्याच्या धक्क्यास दिवसभर लाँची लागतात आणि सुटतात. मुंबईच्या लाँची 'गेटवे'च्या धक्क्यावरून निघतात. ४ डिसेंबर १९२४ रोजीं खुली झालेली ती दगडी कमान म्हणजे शहराचा समुद्राकडील दरवाजाच होय. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह उतारू आणणारी रो-रो बोटही येथें येऊं लागली. शिवाय आपल्या कोळी बांधवांच्या होड्या आहेतच. अशा बंदरीं राहणाऱ्यास एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं, ती ही कीं, समोर आलेली बोट कोणाची हें ठाऊक असलें पाहिजे. जी नोंदींत नाहीं पण पाण्यावर दिसते तिची चौकशी करावी, आणि जी नोंदींत आहे पण परतली नाहीं तिचा शोध घ्यावा, हा किनाऱ्यावरचा साधा व्यवहार. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला करणारे लोक समुद्रमार्गानें आले. तेव्हांपासून होड्यांची नोंदणी व मच्छीमारांचीं ओळखपत्रें यांस किती महत्त्व आलें, हें या भागांत घरोघरीं माहीत आहे.

प्रस्तुत लेखांत हाच व्यवहार संगणकांच्या जाळ्यास कसा लागू पडतो, तें पाहावयाचें आहे. एखाद्या कचेरींत, बंदरांत किंवा शाळेंत जीं यंत्रें एकमेकांस जोडलेलीं असतात त्यांची शिरगणती करण्यासाठीं जी योजना करितात, तीस तज्ज्ञ लोक 'डिस्कव्हरी गेटवे' म्हणतात. या लेखापुरतें आपण तिला 'शोधद्वार' असें म्हणूं. विषय नवा असला तरी अवघड नाहीं. ज्यास बेरीज-वजाबाकी व गुणाकार येतो त्या विद्यार्थ्यास तो सहज समजावा.

१. मोजावें कशासाठीं?

प्रत्येक शाळेंत 'डेडस्टॉक रजिस्टर' नांवाची नोंदवही असते. बाक, फळे, कपाटें, नकाशे, घड्याळें यांची तींत नोंद होते व वर्षअखेर कोणी तरी शिक्षक ती वही हातांत घेऊन खोलीखोलींतून फिरून पडताळणी करितात. बाकाच्या बाबतींत एवढें पुरतें. बाक जेथें ठेवावा तेथें राहतो. त्याचा स्वभाव रात्रींतून बदलत नाहीं. आणि एका बाकाचा रोग दुसऱ्या बाकास लागत नाहीं. संगणकाचें तसें नाहीं. त्यांतील प्रोग्राम बदलतात, तो आज या जाळ्यास तर उद्यां दुसऱ्या जाळ्यास जोडला जातो, आणि एकाचा रोग घटकाभरांत शंभरांस लागतो. म्हणून वर्षांतून एकदां केलेली मोजणी येथें अपुरी पडते.

मोजण्याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें खर्चाचें. कोणत्या यंत्राची हमीची मुदत कधीं संपते, कोणता प्रोग्राम किती यंत्रांसाठीं विकत घेतला आहे, हें माहीत नसेल तर पैसे दोनदां जातात. दुसरें देखभालीचें. 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. तेव्हां आपल्याकडे त्या प्रणालीवर चालणारीं यंत्रें किती व कोणत्या खोलींत, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढें उभा राहिला. ज्यांच्याजवळ यादी होती त्यांनीं तो बसल्या जागीं सोडविला, इतरांस शोधाशोध करावी लागली.

तिसरें कारण सुरक्षिततेचें, आणि तें सर्वांत मोठें. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या एका दुष्ट प्रोग्रामानें जगभर लक्षावधि लहान यंत्रें ताब्यांत घेतलीं. हीं यंत्रें म्हणजे मोठे संगणक नव्हेत. भिंतीवरचे पहाऱ्याचे कॅमेरे आणि घरगुती राउटर होते. कारखान्यांतून येतांना त्यांवर जें नांव व जो परवलीचा शब्द घातलेला असतो तो मालकांनीं बदललाच नव्हता. अशा सुमारे ६० जोड्या एकामागून एक घालून पाहणें, एवढीच त्या प्रोग्रामाची हुशारी! २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं या यंत्रांच्या सैन्यानें अमेरिकेंतील 'डिन' नामक कंपनीवर असा भडिमार केला कीं, कित्येक मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. कॅमेरा हाही संगणकच आहे, हें ज्यांच्या यादींत नव्हतें त्यांच्या दाराशीं चोर न दिसतां बसून राहिला.

म्हणूनच 'सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी' या अमेरिकन संस्थेनें सुरक्षिततेचे जे १८ नियम सांगितले आहेत त्यांत पहिला नियम कुलपाचा नाहीं, मोजणीचा आहे: आपलीं यंत्रें मोजा. दुसरा नियमही मोजणीचाच: त्यांवरील प्रोग्राम मोजा. जें आपणांस आहे म्हणून ठाऊकच नाहीं, त्याचें रक्षण कोण करणार?

२. न्हावा-शेव्याचा धडा

ही गोष्ट दूरदेशींची वाटूं नये म्हणून आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण घेतों. रेवसहून धरमतरची खाडी ओलांडली कीं करंजा व उरण लागतें आणि त्यापुढें न्हावा-शेवा. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. पेट्यांतून जाणाऱ्या मालाच्या बाबतींत तें देशांतील अग्रगण्य बंदरांपैकीं एक आहे. २०१७ सालीं त्यांतील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हा धक्का डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहांतील कंपनी चालवीत असे.

त्या वर्षीं २७ जून रोजीं 'नॉटपेट्या' या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेला एक घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेन देशांत झाला. तेथें 'एम. ई. डॉक' नांवाचा कर-हिशेबाचा प्रोग्राम पुष्कळ कचेऱ्यांत वापरीत असत. त्याच्या नव्या आवृत्त्या जेथून वांटल्या जात त्या संगणकांतच शत्रूनें शिरकाव करून घेतला. याप्रमाणें विष बाहेरून दार फोडून आलें नाहीं. रोजच्या विश्वासाच्या वाटेनेंच आंत आलें. मर्स्कचे संगणक बंद पडले आणि न्हावा-शेव्याच्या त्या धक्क्यावरील कामही खोळंबलें. पेटी कोणाची, कोठें जावयाची, हें सांगणारा संगणकच मुका झाल्यावर माणसांनीं हातानें काम चालविण्याचा प्रयत्न केला.

मर्स्कचे तत्कालीन अध्यक्ष जिम हॅगमन स्नॅबे यांनीं जानेवारी २०१८ मध्यें दावोस येथील परिषदेंत सांगितलें कीं, कंपनीस दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रोग्राम नव्यानें बसवावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटि डॉलरांचें झालें, असा कंपनीचा अंदाज होता.

अमेरिकेंतील 'वायर्ड' मासिकानें २०१८ सालीं या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत दिला. त्यांतील दोन गोष्टी आपल्या विषयाशीं निगडित आहेत. पहिली ही कीं, युक्रेनमधील ओडेसा बंदरांत मर्स्कची एक लहान कचेरी होती व तेथील एका संगणकावर तो हिशेबाचा प्रोग्राम बसविलेला होता. शत्रूस पाय ठेवण्यास तेवढी जागा पुरली. दुसरी अधिक विलक्षण. सर्व खात्यांचा व परवान्यांचा ताळेबंद ज्या मुख्य संगणकांवर ठेवलेला असतो असे सुमारे १५० संगणक कंपनीजवळ जगभर होते, व ते एकमेकांची नक्कल ठेवीत. एक गेला तर दुसरा राहील, हा हिशेब. पण सर्व एकदम जातील हें कोणाच्या मनांत आलें नव्हतें, आणि जवळजवळ सर्व गेले! शेवटीं आफ्रिकेंतील घाना देशांत एक सांपडला. हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तो जाळ्यापासून तुटला होता, म्हणून बचावला. त्यांतील माहिती माणसाच्या हातीं विमानानें इंग्लंडास आणविली, तेव्हां पुनर्रचना सुरू होऊं शकली.

केवळ यादी असती तर हा हल्ला टळला असता, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मायक्रोसॉफ्टनें संबंधित दोषावरील उपाय मार्च २०१७ मध्येंच दिला होता. तथापि नॉटपेट्या यंत्राच्या स्मरणांत राहिलेलीं अधिकाऱ्यांचीं नांवें व परवलीचे शब्द चोरून, दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे. परंतु कोठें काय आहे, कोणत्या यंत्रावर कोणता परकीय प्रोग्राम चालतो, आणि आग लागल्यावर प्रथम काय वांचवावयाचें, हे तीन प्रश्न संकटाच्या दिवशीं विचारावे लागूं नयेत, हा धडा त्यांतून निश्चित मिळतो. परवलीचे शब्द चोरण्याची ती युक्ति मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें पडेल.

३. यंत्र ओळखावें कसें?

जाळ्यांतील यंत्रास तीन प्रकारची ओळख असते. पहिली 'आय. पी. पत्ता'. हा १९२.१६८.२०.१५ अशा चार अंकांचा असतो. प्रत्येक अंक ० ते २५५ पर्यंत. हा भाड्याच्या खोलीच्या क्रमांकासारखा आहे, आज एकाचा, उद्यां दुसऱ्याचा. दुसरी 'मॅक पत्ता'. हा ४८ बिटांचा असून जाळ्यास जोडणाऱ्या भागावर कारखान्यांत घातलेला असतो. त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून कारखानदार कोण तें सामान्यतः कळतें. तिसरी ओळख यंत्राचा अनुक्रमांक, म्हणजे पेटीवर व यंत्राच्या आंतही कोरलेला 'सिरियल नंबर'. मोजणीच्या कामीं हीच ओळख सर्वांत भरंवशाची. कारण लॅपटॉपास तारेचा एक व बिनतारी एक असे दोन मॅक पत्ते असतात, आणि नवे मोबाईल फोन मालकाचा माग लागूं नये म्हणून प्रत्येक जाळ्यापुढें निराळा बनावट मॅक पत्ता सांगतात.

आतां यंत्र आहे कीं नाहीं, हें विचारण्याच्या रीति पाहूं. डिसेंबर १९८३ मध्यें माईक म्यूस या अमेरिकन अभियंत्यानें 'पिंग' नांवाचा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणारें यंत्र पाण्यांत ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतें. त्या ध्वनीवरूनच हें नांव पडलें. पिंग एखाद्या पत्त्यास हांक मारतो. 'ओ' आली तर तेथें कोणी तरी आहे. परंतु पुष्कळ यंत्रें अशा हांकेस उत्तर न देण्याच्या शिस्तींत ठेवलेलीं असतात. म्हणून दुसरी रीति, तीस 'ए. आर. पी.' म्हणतात व ती १९८२ पासून रूढ आहे. एका आळींत उभें राहून "अमुक पत्ता कोणाचा?" असें ओरडलें असतां ज्याचा तो असेल त्यास उत्तर द्यावेंच लागतें, न दिलें तर त्याचें टपालच येणार नाहीं. मात्र ही आरोळी त्या आळीपुरतीच ऐकूं जाते, पलीकडच्या आळींत जात नाहीं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

कोणी आहे एवढें कळल्यावर तो कोण, हें विचारावयाचें. छापखान्याचीं यंत्रें, राउटर, स्विच यांस 'एस. एन. एम. पी.' या ठराविक भाषेंत विचारतात. लिनक्स यंत्रांत 'एस. एस. एच.' या मार्गानें, व विंडोज यंत्रांत 'डब्ल्यू. एम. आय.' या मार्गानें प्रवेश करून नांव, अनुक्रमांक, स्मृति, प्रणाली व प्रोग्रामांची यादी विचारून घेतात. यासाठीं परवाना लागतो. कान्होजी आंग्र्यांच्या काळीं या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतास दस्तक दाखवावें लागे. तद्वत् येथें विचारणाऱ्यासच आपलें दस्तक दाखवावें लागतें.

४. शोधद्वाराची गरज

मोठ्या संस्थेची मुख्य नोंदवही बहुधा एका दूरच्या सर्व्हरवर असते. तेथूनच सर्व यंत्रांस हांका मारल्या तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. खासगी जाळ्यांसाठीं पत्त्यांचे तीन समूह राखून ठेविले आहेत: १०.०.०.० पासूनचा, १७२.१६.०.० पासूनचा व १९२.१६८.०.० पासूनचा. हे पत्ते बाहेरच्या जगांत चालत नाहींत. हजारों शाळांत १९२.१६८.१.५ हा पत्ता असेल. तेव्हां बाहेरून घातलेली हांक पोंचणारच नाहीं. शिवाय ए. आर. पी.ची आरोळी आळीबाहेर जात नाहीं, आणि राउटर ओलांडल्यावर पलीकडील यंत्राचा मॅक पत्ताही दिसत नाहीं.

यावर उपाय असा कीं, प्रत्येक आळींत आपला एक विश्वासू माणूस ठेवावा. त्यानें आपल्या आळींतील घरें मोजावीं आणि ठरल्या वेळीं मुख्य कचेरींत जाऊन हिशेब द्यावा. हाच शोधद्वाराचा अर्थ. तें म्हणजे एखाद्या साध्या संगणकावर बसविलेला प्रोग्राम असतो. निरनिराळ्या कंपन्या त्यास निरनिराळीं नांवें देतात, कोणी 'प्रोब', कोणी 'कलेक्टर', कोणी 'आउटपोस्ट', कोणी 'मिड सर्व्हर'. काम मात्र एकच.

५. मांडणीचा क्रम

समजा, एका कल्पित शाळेंत तीन जाळीं आहेत: कार्यालयाचें १९२.१६८.१०.०, प्रयोगशाळेचें १९२.१६८.२०.० आणि कॅमेऱ्यांचें १९२.१६८.३०.०. तेथें शोधद्वार कसें मांडावें?

(अ) प्रथम नकाशा काढावा. कोणतें जाळें कोठें, त्यांच्यामध्यें राउटर कोणता, हें कागदावर उतरवावें. नकाशावांचून केलेली मोजणी म्हणजे भरती-ओहोटी न पाहतां होडी लोटण्यासारखें आहे.

(आ) शोधद्वारासाठीं असें यंत्र निवडावें कीं जें रात्रंदिवस चालू असतें, ज्याचा पत्ता बदलत नाहीं व ज्यावर दुसरें कोणतेंही काम होत नाहीं. त्याचें घड्याळ बरोबर असावें; तीन शोधद्वारांचीं घड्याळें तीन वेळा दाखवूं लागलीं तर कोणतें यंत्र केव्हां दिसलें याचा मेळ बसत नाहीं.

(इ) शोधद्वारानें मुख्य सर्व्हरशीं स्वतः होऊन संबंध जोडावा. सर्व्हरास आंत येण्यासाठीं भिंतीस भोंक पाडूं नये. बाहेर जाणारा मार्ग सामान्यतः ४४३ या क्रमांकाचा, म्हणजे सांकेतिक लिपीनें सुरक्षित केलेला असतो. माहिती पाठविण्यापूर्वीं समोरचा सर्व्हर खराच आपला आहे, याचा दाखला तपासण्याची व्यवस्था चालू ठेवावी. घाईच्या वेळीं ही तपासणी बंद करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

(ई) मोजावयाचे पत्ते नेमके सांगावे. वरील प्रत्येक जाळ्यांत २५६ पत्ते. त्यांपैकीं पहिला व शेवटचा वगळून २५४ यंत्रांस देतां येतात. तिन्ही मिळून ७६२. हें काम कांहीं मिनिटांचें. परंतु आळसानें 'दहापासूनचे सर्व' असें लिहिलें तर पत्ते होतात १,६७,७७,२१६! सेकंदास १०० पत्ते तपासले तरी ४६ तासांहून अधिक वेळ जाईल, आणि त्यांतील बहुतेक दारें रिकामींच असतील.

(उ) वगळावयाच्या यंत्रांची यादी करावी. सर्व यंत्रांस प्रश्न सोसत नाहींत. कांहीं छापयंत्रांच्या ९१०० या दारावर प्रश्न टाकला कीं तीं त्यास छापावयाचा मजकूर समजून कागदामागून कागद बाहेर टाकतात. कारखान्यांतील व बंदरांतील यारी चालविणारीं जुनीं नियंत्रकें तर प्रश्नांच्या माऱ्यानें थांबण्याचा संभव असतो. अशा ठिकाणीं हांक न मारतां केवळ येणारीं-जाणारीं पाकिटें पाहून नोंद घेण्याची शांत रीति वापरावी.

(ऊ) परवाने बेताचे द्यावे. शोधद्वारास यंत्रें वाचावयाचीं आहेत, बदलावयाचीं नाहींत. म्हणून त्यासाठीं निराळें खातें काढून त्यास केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. मुख्य अधिकाऱ्याचेंच खातें देणें सोपें असतें खरें; पण नॉटपेट्याची चोरी आठवा. जें खातें सर्व दारें उघडतें तें प्रत्येक दाराशीं नेऊन दाखविलें, तर एखाद्या दारामागें चोर दबा धरून असेलच. एस. एन. एम. पी.ची तिसरी आवृत्ति वापरावी. जुन्या आवृत्तींत परवलीचा शब्द उघडा जातो, व तो पुष्कळ ठिकाणीं 'पब्लिक' हाच असतो, म्हणजे नसल्यासारखाच.

(ए) दोन जाळ्यांमध्यें संरक्षक भिंत असल्यास, फक्त शोधद्वाराच्या पत्त्यावरून व फक्त आवश्यक दारांपुरती वाट ठेवावी: एस. एन. एम. पी.साठीं १६१, एस. एस. एच.साठीं २२, विंडोजसाठीं १३५ व त्यापुढें ठरवून दिलेलीं कांहीं. एका शोधद्वाराच्या सोयीसाठीं सगळी भिंत पाडूं नये.

(ऐ) वेळ विचारपूर्वक ठरवावी. रात्रीं जाळें मोकळें असतें, परंतु रात्रीं प्रयोगशाळेचे संगणक बंद व शिक्षकांचे लॅपटॉप घरीं असतात. म्हणून कॅमेरे व सर्व्हर रात्रीं मोजावे, आणि वर्गांतील संगणक तास चालू असतांना. बंद यंत्र कोणत्याही हांकेस उत्तर देत नाहीं. एका वेळच्या मोजणीवरून 'नाहीं' असा निकाल देणें अन्यायाचें होय.

६. यादी व नोंदवही यांचा मेळ

येथपर्यंत यंत्राचें काम झालें. पुढचें माणसाचें आहे. आपल्या कल्पित शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरांत ६४ यंत्रें लिहिलीं आहेत असें धरा. शोधद्वारांना ७१ पत्त्यांवरून उत्तरें मिळालीं. 'सात यंत्रें जास्त झालीं' असें म्हणून आनंद मानणारा फसला! अनुक्रमांक ताडून पाहतां ६ पत्ते हे लॅपटॉपांचे दुसरे पत्ते निघाले. म्हणजे खरीं यंत्रें ६५. त्यांपैकीं ५८ रजिस्टरांतील नोंदींशीं जुळलीं. तेव्हां तीन गट पडले: दोन्हींकडे असलेलीं ५८, जाळ्यांत आहेत पण वहींत नाहींत अशीं ७, आणि वहींत आहेत पण जाळ्यांत नाहींत अशीं ६.

सातांची चौकशी केली. चार कॅमेरे निराळ्या खर्चांतून घेतल्यामुळें वहींत चढलेच नव्हते. एक छापयंत्र देणगी म्हणून आलें होतें. एक पाहुण्यांचा मोबाईल फोन होता. आणि सातवा एका कपाटामागें जोडून ठेवलेला लहानसा राउटर. तो कोणी व केव्हां लाविला हें कोणासच सांगतां येईना. सगळ्या मोजणीचें सार्थक त्या एका शोधांत झालें, कारण त्या आडवाटेनें कार्यालयांतील गुणपत्रकें व पालकांची माहिती रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं लागूं शकली असती.

सहांची चौकशी केली. दोन यंत्रें मोडींत गेलीं होतीं, पण नोंद कमी केली नव्हती. तीन कपाटांत बंद होतीं. एक मात्र खरोखरच सांपडलें नाहीं. त्याची लेखी चौकशी करणें प्राप्त झालें, आणि ती पुरी होईतों नोंद खोडतां येत नाहीं. आतां नवी वही अशी: ६४ मधून मोडींतलीं २ वजा, चार कॅमेरे व एक छापयंत्र मिळवून ६७. पाहुण्यांचा फोन आपला नव्हे, व तो राउटर काढून ठेविला. पहिली ६४ ही संख्याही चूक, ७१ ही चूक आणि ६५ हीही चूक. मेळ घातल्यावरच खरी संख्या हातीं आली. यंत्र मोजतें, पण जबाबदारी माणूस घेतो.

७. अधिकार व मर्यादा

ही विद्या शिकतांना विद्यार्थ्यांनीं एक मर्यादा कायम पाळावी. आपल्या घरचें जाळें मोजावें. शाळेचें, शिक्षकांनीं सांगितलें तर. शेजाऱ्याच्या, दुकानाच्या किंवा कचेरीच्या जाळ्यांत परवानगीवांचून शिरून पाहूं नये. 'नुसतें पाहिलें' हें उत्तर कायद्यापुढें टिकत नाहीं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३ व्या कलमांत परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत वा जाळ्यांत शिरण्यास मनाई आहे. तेंच कृत्य अप्रामाणिकपणें केल्यास ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात.

चालकांसही मर्यादा आहे. शोधद्वारानें यंत्र मोजावें. माणसाचीं पत्रें वाचूं नयेत. विद्यार्थ्यानें काय वाचलें, शिक्षकानें कोणास लिहिलें, हा शिरगणतीचा विषय नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यानें मुलांच्या माहितीविषयीं विशेष दक्षता सांगितली आहे, तीही ध्यानांत ठेवावी. आणि जमविलेली यादी स्वतःच एक किल्ली आहे हें विसरूं नये: कोणतें यंत्र जुनें, कोणतें दुर्बळ, हें चोरास त्यावरून आयतेंच कळेल. ती कुलपांत असावी आणि तिची एक प्रत जाळ्यापासून तुटलेल्या जागीं, शक्य तर कागदावर असावी. घानामधील तो संगणक दैवयोगानें वांचला. आपली प्रत दैवावर सोपवूं नये.

८. पालकांसाठीं दोन शब्द

घरोघरीं आतां राउटर आला आहे. त्यास जोडलेल्या यंत्रांची यादी राउटरच्याच पानावर किंवा त्याच्या मोबाईल ॲपमध्यें पाहतां येते. एखाद्या रविवारीं मुलांसह ती यादी उघडून प्रत्येक नांवापुढें 'हा आईचा फोन, हा टी.व्ही., हा दादाचा लॅपटॉप' असें लिहून काढावें. एखादें नांव ओळखूं येत नसेल तर घाबरून न जातां एकेक यंत्र बंद करून यादींतून कोणतें नाहींसें होतें तें पाहावें. तरीही कोणी अनोळखी उरलाच तर जाळ्याचा परवलीचा शब्द बदलावा; आणि राउटरचा व कॅमेऱ्याचा कारखान्यांतून आलेला शब्द तर आजच बदलावा. यास खर्च कांहीं नाहीं, अर्धा तास पुरे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका जाळ्यांत २५४ पत्ते आहेत. शोधद्वार दर सेकंदास दोन पत्ते तपासतें, तर सर्व पत्ते तपासण्यास किती वेळ लागेल?

२. १७२.१६.०.० पासूनच्या खासगी समूहांत एकूण १०,४८,५७६ पत्ते आहेत. २५६ पत्त्यांचीं किती जाळीं त्यांत मावतील?

३. एका शाळेच्या वहींत ४० यंत्रें आहेत. मोजणींत ४५ पत्ते मिळाले, त्यांपैकीं ५ दुसरे पत्ते होते. उरलेल्यांपैकीं ३६ यंत्रें वहीशीं जुळलीं. 'वहींतही ४० आणि जाळ्यांतही ४०, तेव्हां हिशेब बरोबर आहे' असें म्हणून मुख्याध्यापकांनीं वही मिटावी काय? कारणांसह उत्तर लिहा.

४. शोधद्वार मोजावयाच्या जाळ्याच्या आंतच कां ठेवावें? दोन कारणें द्या.

५. आपल्या घरच्या जाळ्यांतील यंत्रांची यादी करून तिचे तीन गट पाडा: ओळखीचीं, अनोळखी, व असावयास हवीं पण न दिसणारीं.